दिव्याला पडलेलं खळं

गेल्या रमजानमधली गोष्ट. पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा रोजे, संपत आले होते. मी माणगावकडच्या एका कॉलेजात शिकवते, घर धाटावला. त्या दिवशी परीक्षेच्या कामात उशीर झाला आणि मगरिबची वेळ रस्त्यातच झाली. कोलाडच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, दोन खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडला, आणि महामार्ग सोडून रोह्याच्या रस्त्याला लागले. पुढे एमआयडीसीचे दिवे दिसायला लागले, तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक दिव्याभोवती एक वर्तुळ आहे. पांढरट, कडेला विरत गेलेलं. समोरून एक टँकर आला. त्याच्या दिव्यांतून काटे फुटावेत तसे किरण निघत होते आणि रस्त्याची कड दिसेनाशी झाली. मी गाडी थांबवली आणि टँकर जाऊ दिला.

आधी वाटलं धुकं असेल. पण फाल्गुनात, संध्याकाळी सातला कसलं धुकं? गाडीची काच पुसली. चष्मा ओढणीने पुसला. वर्तुळं तिथेच.

घरी सांगितलं, तर प्रत्येकाकडे कारण तयार होतं. अम्मी म्हणाली, "दिवसभर पोटात पाणी नाही, मग डोळ्यांत कुठून येणार? ईद झाली की आपोआप जाईल." शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या, त्यांना शिमग्याच्या होळ्यांचा धूर आठवला. धाकटा भाऊ हसून म्हणाला, "आपा, चाळिशी आली." अब्बा एवढंच म्हणाले, "चष्मा तपासून घे." अब्बांकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेले. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नंबर जुनाच. "मॅडम, डोळे एकदम नॉर्मल आहेत." ऐकून बरं वाटलं, पण रात्री दिव्यांना वर्तुळं होतीच. अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो. आपल्यालाच भास होतोय असं समजून गप्प बसतो, किंवा सगळा दोष रोजाला, वयाला, धुराला देऊन मोकळा होतो. मी आठवडाभर दोन्ही केलं.

खळं, हाला आणि हेलो

चंद्राला खळं पडणं कोकणात कुणाला सांगायला नको. खळं पडलं की पाऊस जवळ आला, असं आपल्याकडचे जुने शेतकरी सांगतात. भात झोडायचं अंगणातलं सारवलेलं गोल आवार, तेही खळंच. उर्दूत चंद्राभोवतीच्या या वर्तुळाला 'हाला' म्हणतात, हा शब्द अरबीतून आला. इंग्रजीतला 'हेलो' ग्रीकमधून आला, आणि त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही धान्य मळायचं खळं असाच आहे. रोह्याच्या शेतकऱ्याला आणि ग्रीसच्या शेतकऱ्याला चंद्राभोवती एकच वस्तू दिसली, याची मला भाषेची शिक्षिका म्हणून मोठी गंमत वाटते.

चंद्राचं खळं आकाशात असतं. उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळतो आणि ठराविक अंतरावर ते कडं दिसतं. दिव्याचं खळं मात्र पुष्कळदा आपल्या डोळ्यात असतं. दोहोंतला फरक ओळखायची एक साधी युक्ती आहे. उभं राहून, एका डोळ्याने दिव्याकडे पाहायचं आणि हाताच्या अंगठ्याने फक्त दिवा झाकायचा. वर्तुळ धुक्यामुळे असेल तर दिवा झाकला तरी भोवतीचा उजेड उरतो. वर्तुळ डोळ्यात तयार होत असेल तर दिव्याबरोबर तेही नाहीसं होतं, कारण ज्या प्रकाशातून ते तयार होत होतं, तो डोळ्यात शिरायचाच थांबला. गाडीच्या काचेवर तेलकट थर असेल तर तेही असंच कळतं. अर्थात गाडी बंद करून, सुरू गाडीत नाही. मी अंगणातून रस्त्यावरच्या दिव्यावर हे करून पाहिलं. खळं गेलं. म्हणजे खळं माझ्याच डोळ्यात होतं.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन लागतात, म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसमने दाखवून दिलं, की प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, आणि डोळे मिटल्यावरही उजेडाचा ठसा काही वेळ राहतो, हे त्याने पुरावा म्हणून मांडलं. प्रकाश आत येतो म्हटलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तो ज्या दारातून येतो, ते दार स्वच्छ आहे का?

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न

शेवटी एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारायच्या आधी प्रश्न विचारले. हे प्रश्न मी इथे मुद्दाम देते, कारण दवाखान्यात जाण्याआधी ज्याने त्याने ते स्वतःला विचारावेत असे आहेत.

वर्तुळ एका डोळ्याला दिसतं की दोन्हींना? एकेक डोळा झाकून पाहिलंत का? दिवसभर असतं की ठराविक वेळी? पापणी मिटून उघडली की बदलतं का? रंगीत आहे की पांढरट? सोबत डोळा दुखतो का, लाल होतो का, मळमळतं का? कुठली औषधं चालू आहेत? काम कुठे करता, कशात करता? आणि घरात कुणाला काचबिंदू आहे का?

पापणीचा प्रश्न महत्त्वाचा निघाला. मी घरी लक्ष दिलं नव्हतं, पण त्यांच्या खोलीतल्या दिव्याकडे पाहत दोनतीनदा पापण्या मिटल्या, तर वर्तुळ क्षणभर पातळ झालं आणि पुन्हा दाटलं. "मोतीबिंदू पापणी मिटून हलत नाही," त्या म्हणाल्या. "हे पृष्ठभागावरचं आहे."

त्यांनी डोळ्याला केशरी रंगाची पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात पाहिलं. तो रंग डोळ्यावरच्या पाण्यात पसरतो, आणि पापणी न मिटता ते पाणी किती सेकंद अखंड राहतं, हे मोजता येतं. दहा सेकंदांच्या आत थर तुटला तर तो कमी समजतात. माझा चार सेकंदांत तुटला. मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं अडकवली, पट्टी किती मिलिमीटर भिजते ते पाहायला. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०३ साली सांगितलेली ही तपासणी आजही चालते. पट्टी बऱ्यापैकी भिजली. म्हणजे पाणी होतं, पण टिकत नव्हतं.

आपण अश्रू म्हणतो ते फक्त रडण्याचं पाणी नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर दिवसभर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. आत चिकट पदार्थ, मध्ये पाणी, आणि वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. हाइनरिख माइबोम या जर्मन डॉक्टरने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. तेल कमी पडलं, घट्ट झालं किंवा ग्रंथींची तोंडं बुजली, की पाणी लवकर उडून जातं. आपल्याला लख्ख दिसायला डोळ्याचा पुढचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत लागतो, कारण प्रकाश वळवण्याचं सुमारे दोनतृतीयांश काम तिथेच होतं. थर तुटला की पृष्ठभाग पत्र्यावर सुकलेल्या पाण्याच्या डागांसारखा होतो. उजेड विखुरतो. दिवसा ते कळत नाही. रात्री बाहुली मोठी होते, आजूबाजूला अंधार आणि मध्ये एकच तीव्र दिवा, तेव्हा वर्तुळं आणि काटे दिसतात. तक्ता वाचताना मी दर ओळीला पापणी मिटत होते, म्हणून तक्ता नीट वाचला गेला. तपासणी खोटी नव्हती, ती दुसऱ्याच गोष्टीची होती.

रोजा एकटा आरोपी नाही

"म्हणजे रोजामुळेच ना?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. उलट विचारलं, "पेपर कधी तपासता?" तरावीहनंतर, लॅपटॉपवर, रात्री एकपर्यंत. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे पाहताना ते निम्म्यावर येतं. "झोप?" सहरीआधी तीन तास, नंतर दीड. "गाडीत एसी?" समोरच्या जाळीतून थेट तोंडावर. "गोळ्या?" धुळीने शिंका येतात म्हणून सर्दीची गोळी, रोज सहरीला, महिनाभर. त्या इथे थांबल्या. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्या नाक सुकवतात, तशा डोळेही सुकवतात. काही नैराश्याच्या आणि मुरमांच्या औषधांचंही तसंच आहे. वाढत्या वयात बायकांमध्ये हे जास्त दिसतं, पाळी जाण्याच्या सुमारास आणखी.

तेरा-चौदा तास पाणी न पिण्याचा थोडा वाटा असेलही. पण घरातल्या सगळ्यांनी रोजाकडे बोट दाखवलं आणि मीही ते मान्य केलं, त्यामुळे बाकीची चार कारणं महिनाभर बिनबोभाट चालू राहिली. रमजानात आपल्या अंगाला जे होईल ते रोजामुळे, आणि ईदनंतर बरं होईल, ही समजूत आमच्या घरांत फार आहे. उपास करणाऱ्या हिंदू घरांतही ती असतेच. श्रावणात, नवरात्रात चक्कर आली तर उपासाची म्हणून सोडून देतात, साखर तपासत नाहीत.

कारखान्यातून येणारं खळं

"काम कुठे करता?" हा प्रश्न डॉक्टर का विचारतात, ते मला तेव्हा कळलं नाही. मी शिक्षिका म्हटल्यावर त्या पुढे सरकल्या. निघताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. धाटावकरांनी ते ऐकावं असं आहे.

अमाइन नावाचा रसायनांचा एक मोठा गट आहे. सुक्या मासळीला जो वास येतो, तो याच गटातल्या एका पदार्थाचा. औषधं, रंग, फोम, शाई अशा कितीतरी उद्योगांत वेगवेगळी अमाइनं वापरली जातात. त्यांतल्या काहींची वाफ बंद जागेत साठली तर डोळ्याच्या पुढच्या पडद्याला सूक्ष्म सूज येते. दुखत नाही, आग होतेच असं नाही. पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी सगळं निळसर धुरकट दिसायला लागतं आणि दिव्यांना वर्तुळं पडतात. घरी जाऊन झोपलं की सकाळपर्यंत जातं. म्हणूनच कामगार बोलत नाही. सकाळी बरं वाटतं, डॉक्टरकडे गेला तर डोळा स्वच्छ असतो.

स्वीडनमध्ये फोम बनवणाऱ्या कामगारांवर १९८० च्या दशकात याचा अभ्यास झाला. अमेरिकेत लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांना धूसर, निळसर-करडं आणि दिव्यांभोवती वर्तुळं दिसू लागली. नायॉश या तिथल्या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी त्यांचे डोळे आणि कारखान्यातली हवा तपासली. शाईत वापरलेल्या दोन अमाइनांशी त्या तक्रारींचा संबंध त्यांना आढळला आणि तो अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. या विकारात डोळ्याला कायमची इजा सहसा होत नाही. धोका वेगळा आहे. रात्री अकराला पाळी सुटते, माणूस मोटारसायकल काढतो आणि समोरच्या दिव्यांच्या वर्तुळांत रस्ता शोधत घरी जातो.

मी आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्याकडे बोट दाखवत नाही. तशी घटना इथे घडल्याचं मी म्हणत नाही. पण ज्या गावात घरटी एक माणूस रसायनांच्या कामावर जातो किंवा गेलेला आहे, तिथे हा प्रश्न स्वतःला विचारण्यात काही चूक नाही. खूण सोपी आहे: वर्तुळं कामाच्या दिवशी दिसतात आणि सुट्टीच्या दिवशी दिसत नाहीत का? शेजारी काम करणाऱ्यालाही दिसतात का? तसं असेल तर चार दिवस वेळ लिहून ठेवा, आणि डॉक्टरकडे जाताना हाताळत असलेल्या पदार्थाचं नाव घेऊन जा. प्रत्येक रसायनाबरोबर सुरक्षेची माहिती देणारा कागद येतो, कामगार त्याला डेटा शीट म्हणतात. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या आरोग्याशी संबंधित माहिती मागण्याचा कामगारांचा हक्क कायद्यात लिहिला गेला. तो मागण्यात उद्धटपणा नाही.

अब्बांची बाटली

आता अब्बा. "घरात कुणाला काचबिंदू आहे का?" या प्रश्नावर मी सहज म्हटलं, "वडिलांना आहे, सात वर्षं झाली, थेंब चालू आहेत." डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांचा दाब मोजला, तो ठीक निघाला. आईवडिलांना किंवा भावाबहिणीला काचबिंदू असेल तर आपला धोका वाढतो, म्हणून चाळिशीनंतर नियमित तपासणी करायला सांगितली. मग सहज विचारलं, "वडील रोजे ठेवतात? मग सकाळचा थेंब कधी घालतात?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन अब्बांना विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "रमजानमध्ये सकाळचा नाही घालत. रोजात थेंब कसा चालेल?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्यांना सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक, असे थेंब सांगितलेले होते. सात रमजान, दर वेळी तीसेक दिवस, सकाळचा थेंब त्यांनी घातला नव्हता. कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नव्हतं. दुखत नव्हतं, दिसत होतं.

काचबिंदूचा नेहमीचा प्रकार असाच असतो. डोळ्याच्या आतला दाब हळूहळू मज्जातंतू मारत जातो. आधी कडेची नजर जाते, आणि मधलं नीट दिसत असल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने फक्त उरलेली राखता येते. मी दोन दिवसांत अब्बांना घेऊन गेले. दाब चढलेला होता. नजरेच्या कडेची तपासणी केली, तेव्हा डाव्या डोळ्याचा नाकाकडचा वरचा भाग कमी झालेला निघाला. त्यातलं किती चुकलेल्या थेंबांमुळे आणि किती आजारामुळे, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या. अब्बा तिथे काही बोलले नाहीत. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "मला वाटलं, मी नीट करतोय."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते हलगर्जी नव्हते. उलट, फार जपून वागत होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि आम्ही कुणी त्यांना विचारलं नाही. आमच्या घरात इफ्तारला काय करायचं यावर रोज चर्चा होते. औषधाच्या वेळेवर सात वर्षांत एकदाही झाली नाही.

थेंब आणि रोजा

त्याच संध्याकाळी मी आमच्या इमामसाहेबांना विचारलं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, देशातले बरेचसे हनफी. या दोन्ही पंथांत डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, चव घशात जाणवली तरी. मालिकी आणि हंबली पंथांत याबाबत सावधगिरीचं मत आहे. १९९७ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने वैद्यकीय उपचार आणि रोजा यांवर ठराव केला. घशात उतरलेलं मुद्दाम गिळलं नाही तर डोळ्यातल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, असं त्यात म्हटलं आहे. आणि आजाऱ्याला रोजा पुढच्या दिवसांत भरून काढण्याची मुभा तर कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. "त्यांनी आधी विचारायला हवं होतं," इमामसाहेब म्हणाले, आणि मग, "आम्हीही खुतब्यात सांगायला हवं होतं." पुढच्या जुम्म्याला त्यांनी सांगितलं.

ज्यांच्या मनाला तरी पटत नाही, त्यांच्यासाठी एक उपाय डॉक्टरांनी दाखवला. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र असतं. त्यातून अश्रू नाकात उतरतात, रडताना नाक वाहतं ते यामुळेच. थेंब घातल्यावर डोळा मिटायचा आणि तो कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा. थेंब घशात जवळजवळ जात नाही, आणि औषधही डोळ्यात जास्त टिकतं. अब्बांच्या थेंबांची वेळ डॉक्टरांनीच बदलून दिली: एक सहरीच्या वेळी, एक इफ्तारनंतर. प्रत्येक औषधाचं गणित वेगळं असतं, म्हणून वेळ आपल्या मनाने बदलू नये. रमजानच्या आधी, शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावं. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे.

काय करावं, काय टाळावं

माझ्यासाठी सांगितलेलं अगदी साधं होतं. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं, रोज. त्याने घट्ट झालेलं तेल सुटतं. मग पापणीची कड हलक्या हाताने पुसायची. पडद्यासमोर बसताना मधूनमधून दूर पाहायचं आणि पापण्या पूर्ण मिटायच्या. एसीची जाळी तोंडावरून वळवायची, सहरीनंतर झोपताना पंखा थेट चेहऱ्यावर घ्यायचा नाही. इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी. सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारून बदलली. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले, दिवसातून अनेकदा लागणार म्हणून टिकवण्याचं रसायन नसलेले.

सुरमा आणि काजळ दोन्ही घरांत आहेत, म्हणून दोघांनाही सांगते. पापणीच्या आतल्या कडेला लावलेलं काहीही तेलग्रंथींची तोंडं बुजवतं. शिवाय काही पारंपरिक सुरम्यांत शिसं आढळतं, लहान मुलांना ते फार वाईट. अम्मीची जुनी सुरमेदाणी आता शोकेसमध्ये आहे, तिथे ती छान दिसते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे औषधाच्या दुकानातून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून थेंब आणणं. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत बरं वाटतं, आणि महिनोन्‌महिने घालत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर होतो. शेजाऱ्याचे थेंब घालणंही तसंच.

आणि काही खुणा अशा आहेत, की ईदची, शिमग्याची, कशाचीही वाट पाहू नये. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं रंगीत कडं, सोबत डोळा जोरात दुखतोय, लाल झालाय, डोकं दुखतंय, उलटी होतेय, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. पित्त समजून घरी झोपून राहिलं, तर काही तासांत नजर जाऊ शकते. अचानक विजेसारख्या चमका, काळे ठिपके, किंवा एका बाजूने पडदा उतरल्यासारखं वाटलं, तर दृष्टिपटल सुटत असू शकतं. तेही त्याच दिवशी दाखवायचं. नागमोडी चमकती रेघ वीस-तीस मिनिटं दिसून जाते आणि मग डोकं धरतं, ते बहुधा अर्धशिशीचं. पण पहिल्यांदा झालं असेल तर तेही तपासून घ्यावं.

माझी वर्तुळं ईदपर्यंत बरीच विरली. पूर्ण गेली नाहीत. दमले, जागरण झालं, की एमआयडीसीच्या वळणावर अजून दिसतात. मग मी गाडी हळू करते, पापण्या मिटते, आणि त्या रात्री पेपर तपासत नाही.

एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर गेलो. शेजारच्या काकूही आल्या, दर वर्षी येतात. अब्बा चंद्र शोधताना आता मान थोडी वळवून पाहतात, डाव्या बाजूचं राहून जाऊ नये म्हणून. खाली येऊन त्यांनी आधी थेंब घातला, कोपरा दाबून धरला, आणि दोन मिनिटं तसेच बसून राहिले. बाटली आता खजुराच्या डब्याशेजारी ठेवलेली असते, सगळ्यांना दिसेल अशी.

आज इफ्तारला बसताना, किंवा संध्याकाळी दिवा लावताना, घरातल्या मोठ्या माणसाला एवढंच विचारा: औषध वेळेवर घालताय ना? आणि दिवा कसा दिसतो?